न्हाय म्हणायचं

वडगावच्या आमच्या गल्लीत प्रत्येक घरचा माग वेगळा वाजायचा. डोळे मिटून चाललं तरी कुणाच्या दारात आलो ते कळायचं. कोपऱ्यावरच्या घरचा माग पाठीमागं कुत्रं लागल्यासारखा पळायचा. आमच्या आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा माग दोन ठोके द्यायचा, जरा थांबायचा आणि मग पुन्हा दोन ठोके द्यायचा. तात्यांचा माग मागच्या खोलीत होता. हे माझे चुलते. त्यांचा माग कसाही वाजायचा, कारण तात्या विणता विणता भिंतीपलीकडच्या माणसाशी गप्पा मारायचे. आई चुलीवर खळ शिजवत असायची. सुताला ताठपणा यावा म्हणून लावायची ती पेज, पण तिचा आंबूस वास आमच्या भाकरीला, वाकळांना आणि केसांनाही यायचा. मी मराठी दुसरीपर्यंत शाळेत गेले, तेव्हा बामणांच्या पोरी माझ्यापासून हातभर लांब बसायच्या. मला राग यायचा आणि घरी आल्यावर मी तो खळीच्या भांड्यावर काढायची. पुढं शाळा सुटली आणि वासाचं काही वाटेनासं झालं. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी जोंधळ्याची भाकरी आणि खर्डा, आणि दिवसभर तो खटखटाट. अमावस्येला माग बंद असायचे, तेव्हा आम्हा पोरांचे कान दुखायचे.

आमच्या धंद्यातली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मागावर लावलेला ताणा, म्हणजे उभं सूत, संपत आला तरी तो पुरता विणून काढायचा नसतो. फणीत ओवलेली टोकं तशीच ठेवायची आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या जुन्या टोकाला पिळून जोडायचा. हे काम म्हणजे सांधणी. आमच्याकडं सांधणीला लक्ष्मीमावशी यायची. दोन बोटांना चुलीतली राख लावून ती सकाळी बसली की दिवेलागणीपर्यंत हजारो धागे जोडायची, आणि तेवढ्या वेळात अख्ख्या वडगावची उणीदुणी काढायची. त्यामुळं आप्पांच्या मागावर जे सूत होतं त्याची मुळं माझ्या पणज्यापर्यंत गेलेली होती. धाग्याला धागा जोडत ते आमच्यापर्यंत आलेलं. फणीतली टोकं कापून टाकणं म्हणजे माग मोडणं. ज्या घरात विणणारं कुणी उरलं नाही तिथंच तसं करत. आमच्यात कुणाला शिव्याशाप द्यायचे झाले तर ‘तुझा माग मोडो’ म्हणत, आणि ते ऐकून बायका कानांवर हात ठेवत.

आप्पांचं दुखणं कशानं सुरू झालं ते मला आजही नक्की सांगता येत नाही. आई म्हणायची, तापातून उठल्यावर. तात्या म्हणायचे, त्या परत आलेल्या लुगड्यानं. पेठेतल्या एका व्यापाऱ्यानं आप्पांचं एक लुगडं परत पाठवलं होतं. नुसतं पाठवलं असतं तर चाललं असतं. त्यानं चारचौघांत घडी मोडून लुगड्याच्या अंगातला, म्हणजे काठांमधल्या भागातला, एक सुटलेला धागा दाखवला आणि म्हणाला, “म्हाताऱ्या, आता चष्मा घे की रं!” आप्पा तेव्हा चाळिशीचे असतील. बाकीच्या विणकरांनी व्यापाऱ्याला बरं वाटावं म्हणून दात काढले. आप्पा घरी आले, हातपाय धुतले आणि जेवले. दुसऱ्या दिवशी मागावर बसल्यावर दोन ठोक्यांनंतरचा त्यांचा तो थांबा लांबायला लागला.

माझं काम मागाशेजारी बसून तुटलेले धागे हुडकायचं होतं. पोरांची नजर कोवळी, म्हणून प्रत्येक घरात हे काम पोरांकडं असायचं. धागा तुटला की ओरडायचं, मोठ्यांनी माग थांबवून गाठ मारायची. आता उलटं झालं. आप्पाच थांबायचे आणि विचारायचे, “गंगे, बघ गं, हितं सुटलंय न्हवं?” मी वाकून बघायची. कापड धुतल्या तांदळासारखं असायचं. “न्हाय, आप्पा.” ते दोन ठोके मारायचे आणि पुन्हा थांबायचे. “आता बघ.” “न्हाय.” पहिल्यांदा दिवसातून चारदा, मग चाळीसदा. मग ते कापड दारात उन्हाला धरून बघायला लागले. मग डोळ्यांवर पाणी मारायचे, पुन्हा बघायचे, आणि जिथं काहीच नव्हतं तिथं बोट ठेवून माझ्याकडं अशा नजरेनं बघायचे की मला पळून जावंसं वाटायचं. चार दिवसांत होणारं लुगडं पंधरा दिवस रखडलं. ताटातली भाकरी अर्धी राहायला लागली. एकदा वैतागून, त्यांना बरं वाटेल म्हणून, मी “व्हय, हाय” म्हणाले. आप्पांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. आणि मग त्यांनी चांगलं विणलेलं हातभर कापड उसवून काढलं. त्या दिवशी आईनं मला न्हाणीघरात नेऊन दंडाला धरलं.

“काय बी झालं तरी न्हाय म्हणायचं. कळलं? देव जरी येऊन बसला कापडावर, तरी न्हाय म्हणायचं.”

“पर आई, त्यास्नी खरंच दिसतंय.”

“म्हणून तर न्हाय म्हणायचं.”

माझी धाकटी नात बँकेत नोकरीला आहे. ती घरातून निघताना कुलूप ओढून बघते, जिन्यापर्यंत जाऊन परत येते आणि पुन्हा ओढून बघते. बेळगावातल्या एका डॉक्टरीणबाईंनी त्या दुखण्याचं नाव तिला सांगितलं, गोळ्या दिल्या, दर पंधरवड्याला समोर बसवून बोलतं केलं, आणि पोरगी पुष्कळ सुधारली. तिनं मला ते नाव दोनदा सांगितलं, पण माझ्या ध्यानात राहिलं नाही. आमच्या वेळी त्याला नाव नव्हतं. नाव नसलं की लोक आपल्या मनाला येईल ते नाव देतात. कुणी नजर म्हटलं, कुणी करणी, कुणी भ्रम. तात्यांनी कुठल्याशा देवरुष्याला आणलं. त्यानं आप्पांच्या कपाळाला अंगारा लावला आणि मागाला लिंबू-मिरची बांधली. रोग रेड्याला नि औषध पखालीला! ते लिंबू वाळून काळं पडलं, आणि ठोक्यासरशी आप्पांच्या डोळ्यासमोर हलत राहायचं. गल्लीत मात्र दबक्या आवाजात बोलणं सुरू झालं की आता याला मागावरून उठवावं. तात्यांनाही तसंच वाटायला लागलं होतं. आई ताकास तूर लागू देत नव्हती, पण तिला कसली भीती होती ते मला कळत होतं. विणकराला मागावरून उठवलं की त्याच्याजवळ काय उरतं?

लक्ष्मीमावशी सांधणीला आली ती याच दिवसांत. बाई तोंडाची फटकळ, दातात सदा तंबाखू. तिनं दुपारपर्यंत आप्पांचं ते थांबणं आणि माझं ‘न्हाय’ ऐकलं, आणि मग उठून दारात पिंक टाकून आली.

“दादा, तुझं डोळं लई शाणं झाल्यात. न्हाय ते बी बघाय लागल्यात. त्यास्नी जरा सुट्टी दे की!”

“डोळ्याबिगर इणू व्हय गं?” आप्पा म्हणाले.

“मी कशानं जोडतो? माजं डोळं जाऊन धा वरसं झाली. कुणाला सांगितलं न्हाय. मला मोतीबिंदू हाय, दादा. धागा मला दिसतच न्हाय. बोटास्नी म्हाईत हाय.”

आम्ही सगळे बघतच राहिलो. ही गोष्ट तिनं सगळ्या वडगावपासून लपवली होती आणि ती आमच्या सोप्यात उघडी केली, का तर आप्पांना धीर यावा म्हणून. एरवी मला ती बाई आवडायची नाही. तिनं आपल्या पदराची चिंधी फाडली, पाण्यात बुडवली आणि आप्पांच्या डोळ्यांवर बांधली. “नुसतं अंग इणाय तुला कशाला डोळं लागत्यात? आणि काठाचं, तुटल्याचं बघाय ही पोरगी हाय की. हिच्यावर सोड.”

आप्पा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले. आडवा धागा नेणारा धोटा हातात घेतला. पहिला ठोका चाचपडत पडला. दुसरा बरा. तिसऱ्या-चौथ्यानंतर त्यांचा जुना आवाज यायला लागला, दोन ठोके आणि जरासा थांबा. आतून आईचा भाकरी थापण्याचा आवाज बंद झाला होता. ती दारामागं उभी राहून तोंडाला पदर लावून रडत होती.

पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, आणि हे मी लग्न, मुलं, नातवंडं सगळं धरून सांगते. डोळ्यांवर पट्टी बांधून विणणारा माणूस बघायला पोरं दारात जमायची. आप्पा त्यांना भिववायला मान वळवून वाघाचा आवाज काढायचे. ते पोटभर जेवायला लागले. विणता विणता मला जांबोटीच्या रानातल्या गोष्टी सांगायचे, तरुणपणी ते तिकडं लाकडं आणायला गेले होते त्या वेळच्या. वीतभर विणून झालं की कापड दांड्यावर गुंडाळण्याआधी ते त्याच्यावरून हात फिरवायचे आणि विचारायचे, “गंगे, हाय का काय?” मी म्हणायची, “न्हाय, आप्पा.” आणि ते मान हलवून गुंडाळून टाकायचे. पुन्हा विचारायचे नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, “माझं डोळं हिच्याकडं हाईत.” मी बारा वर्षांची होते. मला इतकी फुशारकी चढली होती की मी शेजारच्या पोरींशी धड बोलत नव्हते.

त्या दिवशी शेजारी कासार आला होता. शेजारच्या लेकीचं लग्न ठरलं होतं आणि पोरीबाळींना बांगड्या भरायच्या होत्या. हाका ऐकू येत होत्या. आप्पा पट्टी बांधून एका लयीत विणत होते. मला वाटलं, धोट्यातली सुताची कांडी संपायच्या आत येऊ. मी पाय न वाजवता उठले. कासारानं माझा हात दाबून दाबून हिरव्या बांगड्या चढवल्या, चार या हातात, चार त्या. कांडी संपायच्या आत मी आले सुद्धा. बांगड्या वाजू नयेत म्हणून हात पोटाशी धरून जागेवर बसले आणि कापडाकडं बघितलं. दोन धागे एकदम तुटले होते. कापडाच्या अंगात चार बोटं लांबीची एक चीर, उभी, सरळ, केसात भांग पाडावा तशी.

मी तोंड उघडणार एवढ्यात माग थांबला. आप्पांनी सवयीनं कापडावरून हात फिरवला. हात त्या चिरेवर आला आणि तिथंच राहिला.

“गंगे, हितं हाय न्हवं?”

मी काय विचार केला ते आठवून आठवून मी आयुष्य घालवलं आहे. आईनं दंडाला धरलेलं आठवलं असेल. ‘व्हय’ म्हटलं तर उद्यापासून त्यांना पुन्हा सगळीकडं दिसायला लागेल असंही वाटलं असेल. हातातल्या बांगड्यांची भीती तर होतीच. यातलं कुठलं कारण खरं, ते मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे की आता मला माझ्याच उत्तराचा भरवसा वाटत नाही. तोंडातून निघालं ते एवढंच.

“न्हाय, आप्पा.”

त्यांनी बोट जिभेला लावून पुन्हा फिरवलं. मग उलट्या हातानं फिरवलं. “नीट बघ, बाळ. हाताला लागतंय माझ्या.”

“न्हाय.”

चुलीपुढून, न उठता, आईनं नेहमीच्या सुरात आवाज दिला, “काय न्हाय तितं! इणा तुमी.”

आप्पांनी ती चीर आणखी एकदा चाचपली. सगळ्या दुखण्यात ही एकच वेळ होती जेव्हा त्यांचं बरोबर होतं. पण त्यांच्या मनात आम्ही खोटं बोलतोय असं आलंच नाही. तसं आलं असतं, त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती, तर बरं झालं असतं. त्यांनी पट्टी न काढताच हात वर केले, बोटं उघडझाप केली आणि हलकेच म्हणाले, “हातबी गेलं की गं माझं.”

ते उठले. पट्टी सोडून खुंटीला नीट अडकवली. जेवायला बसले, अर्धी भाकरी खाल्ली, आईला म्हणाले, आमटी चांगली झाली आहे. मग कट्ट्यावर जाऊन बसले. हे सगळं सकाळी झालं आणि पुढची गोष्ट तिसऱ्या प्रहरी झाली. मध्ये एवढा वेळ होता. मी दोनदा कट्ट्याशी गेले आणि दोनदा परत आले. दुसऱ्यांदा तर त्यांनी माझ्या बांगड्या बघितल्या आणि म्हणाले, “झ्याक दिसत्यात.”

तिसऱ्या प्रहरी आई पाण्याला गेली होती. आप्पा आत आले, कातर घेतली आणि फणीमागचा सगळा ताणा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, कापून काढला. मग फणीत उरलेली टोकं मूठ मूठ करून उपसली. अजिबात घाई केली नाही. ताणलेलं सूत सुटताना जो आवाज होतो तो ऐकून तात्या मागच्या खोलीतून धावत आले आणि उंबऱ्यातच खाली बसले. गल्लीतल्या बायका जमल्या. त्यांच्यातली एक, मेलेलं माणूस उचलताना काढतात तसा गळा काढून रडली. तिचा मला फार राग आला. आप्पा बाजूला उभे राहून म्हणाले, “माझ्याच्यानं वाईट माल जायला नगं कुणाच्या अंगावर. एवढंच.”

आईनं दांड्यावरचं कापड उलगडलं ते दिवा लावायच्या वेळेला. ती चीर तिच्या बोटांनाच आधी सापडली. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या बांगड्यांकडं बघितलं. मला वाटलं, आता ही मला मारून टाकणार. तिनं तेवढा तुकडा कापला आणि चुलीत सारला.

“कुणाला बोलायचं न्हाय,” ती म्हणाली. “आप्पास्नी तर कदीच न्हाय.”

“पर आई, त्यास्नी सांगू दे. त्यांचं हात बरं हाईत.”

“आणि मग? लेकीनं फशिवलं, बायकूनं न बघताच न्हाय म्हटलं, हे कळू दे त्यास्नी? डोळ्यावरचा इस्वास गेला, हाताचा गेला. तुझ्यावरचा तेवढा ऱ्हायलाय. त्यो बी काढून घेतीस व्हय?”

तिचं चुकलं असं मी अजूनही म्हणू शकत नाही. बरोबर होतं असंही म्हणवत नाही. महिनाभर परगावी राहून लक्ष्मीमावशी आली, राखेत बोटं बुडवून मागामागं बसली आणि चाचपडत राहिली. फणी रिकामी. “अगं, कशाला जोडू?” तिनं विचारलं. पुन्हा एकदा फणी चाचपली, तेव्हा तिला कळलं. तिनं पदराला बोटं पुसली आणि माग मोडू दिला म्हणून आईला जे काही बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आप्पा नंतर येळ्ळूरला एका नातेवाइकाच्या शेतावर राखणीला जायला लागले. जोंधळ्यावरची पाखरं हाकलायची. डोळे आणि हात चुकले तरी पाखरांचं काही बिघडत नाही, असं म्हणायचे. दुखणं ओसरलं की माग नसल्यानं दिसेनासं झालं, देव जाणे. माणूस शांत झाला होता. फक्त वाटेत कुणाच्या घरचा माग ऐकू आला की ते चालता चालता हातांची बोटं उघडझाप करायचे. मी ते मागून बघायची.

माझं लग्न गुंजी गावच्या एका घरी ठरलं. घरचे म्हणाले, एवढ्या लांब रानात कशाला? मीच हट्ट धरला. तिथं माग नाहीत एवढंच मला पुरे होतं. निघायच्या आदल्या सकाळी आप्पा कट्ट्यावर एकटे बसलेले दिसले. मी आईचं सांगणं मोडायचं ठरवलं. त्यांच्या पायाशी बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, कासार, बांगड्या, चार बोटांची चीर, दोन धागे. म्हटलं, “आप्पा, तुमचं बरोबर हुतं. हात चांगलं हुतं तुमचं. मी खोटं बोलले.”

मग त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, कळलं त्यांना. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“जाताजाता बापाची समजूत काढतीस व्हय, बाळ?”

“न्हाय आप्पा, देवाशपथ. खरंच तुटलं हुतं.”

“असू दे, असू दे.” ते हसले. “लई गुणाची हाईस. पर तू न्हाय म्हटलीस ना, म्हंजे न्हवतंच ते. तू कदी खोटं बोलली न्हाईस.”

मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले. ते प्रत्येक वेळी मान हलवत राहिले, मी ‘न्हाय’ म्हणायची तेव्हा हलवायचे तशीच. शेवटी आतून आईनं हाक मारली आणि मला उठावं लागलं.